हजेरीत ‘बरं’ चालत नाही

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात ‘कसे आहात?’ हा प्रश्न खरोखर उत्तर मिळावं म्हणून विचारणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. बाकीचं जग हा प्रश्न पुढचं बोलणं सुरू करण्यासाठी विचारतं. मलकापूरच्या बाजारात रोज शेकडो माणसं एकमेकांना ‘काय भाऊ, कसं काय?’ म्हणतात, उत्तराची वाट न बघता पुढे जातात, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आमचे साडभाऊ मात्र विचारतात आणि थांबतात. नुसते थांबत नाहीत, मान किंचित तिरपी करून, चष्म्याच्या वरून बघत थांबतात. समोरचा ‘बरं आहे’ म्हणाला तर म्हणतात, “बरं हे उत्तर नाई. बरं म्हंजे दाराले लावलेली कडी. आत काय चालून राह्यलं ते सांगा.” एकदा दाढी करून घेताना त्यांनी न्हाव्याला हा प्रश्न विचारला. तो भला माणूस खरंच विचारात पडला. साडभाऊंच्या अर्ध्या गालाला साबण, त्याच्या हातात उघडा वस्तरा आणि डोळ्यांत हळूहळू भरून येणारं पाणी, असं ते दृश्य बाकावर बसलेले आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. शेवटी तो म्हणाला, “सांगतो सर. पन आधी वस्तरा खाली ठेवतो.” त्या दिवशी माझी दाढी राहिली ती राहिलीच.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि गेली बरीच वर्षं शिक्षकांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवणारे प्रशिक्षक. शिक्षकाने आधी स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखावं, मग पोरांच्या मनात काय चाललंय ते ओळखावं, आणि त्यानंतरच खडू हातात घ्यावा, असा त्या प्रशिक्षणाचा एकूण सांगावा. असं शिकवणाऱ्याला सरकारी भाषेत ‘सुलभक’ म्हणतात. घरच्यांच्या मते त्यांच्याइतका अवघड माणूस तेरा तालुक्यांत नाही. मी स्वतः नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर तीस वर्षं काढून नुकताच निवृत्त झालो. माझ्या खिडकीतून पेढे आत येत आणि त्याच खिडकीतून हुंदकेही. मी दोघांनाही ‘अर्ज दोन प्रतींत’ एवढंच म्हणत असे. मला निर्दय म्हणण्यात अर्थ नाही. खिडकीशी बसणाऱ्याने दोन्हींत सामील व्हायचं ठरवलं तर दुपारच्या डब्यापर्यंत तो टिकायचा नाही. साडभाऊ मला ‘कोरा फॉर्म’ म्हणतात. मी आक्षेप घेतलेला नाही.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते आणि पिशवीत एक लांबोडकी वही असते. त्या वहीत ते भावनांची नावं गोळा करतात. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या भागातल्या माणसाकडे दोनच भावना उरल्या आहेत. एक ‘बरं हाय’ आणि दुसरी ‘डोकं फिरलं’. या दोन गावांच्या मधली सगळी खेडी उठून गेली. म्हणून मग हुरहूर, खंत, धास्ती, चीड, ओशाळणं, हिरमुसणं, कानकोंडं होणं, असे शब्द त्यांनी जिथून मिळतील तिथून आणून वहीत बसवले आहेत. “नाव नसलेली भावना म्हंजे दावं नसलेला गोऱ्हा,” ते म्हणतात. “कोनाच्या वावरात शिरन, सांगता येत नाई.” एका भाजीवालीने वांगी तोलताना त्यांना ‘जीव उंबऱ्यात बसला हाय’ असं सांगितलं. मुलगी बाळंतपणाला आली होती तिची. साडभाऊंनी तिथेच पिशवी उघडली, वही काढली, शब्द तिच्या नावासकट टिपून घेतला आणि वांगी तिथेच विसरून आले. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, हा प्रसंग अजून सांगतात. त्यात त्यांचा भर वांग्यांवर असतो.

एस.टी.त तर त्यांच्याबरोबर बसूच नये. जळगाव जामोदच्या गाडीत एकदा रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोन जाडजूड गृहस्थांची जुंपली. बाबा-दादावरून गोष्ट बापजाद्यांवर आली. साडभाऊ उठले, दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि त्यातल्या जास्त लाल झालेल्या गृहस्थाला अत्यंत मायेने म्हणाले, “भाऊ, तुमाले ह्या घडीले नेमकं काय वाटून राह्यलं?” तो गृहस्थ क्षणभर थांबला. मग म्हणाला, “मले असं वाटून राह्यलं का तुमाले खाली उतरवून द्यावं.” साडभाऊंचा चेहरा उजळला. “बरोबर! आता ह्याले नाव द्या,” ते म्हणाले. पुढे मी खिडकीबाहेर बघितलं. एवढं खरं, की भांडण मिटलं, कारण ते दोघंही एका बाकावर दाटीवाटीने बसून उरलेला रस्ताभर साडभाऊंना नावं ठेवत होते.

पण त्यांच्या विद्येचा खरा तडाखा मला बसला तो माझ्या मुलीच्या लग्नात. नवऱ्या मुलाचे एक मामा लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून रुसले आणि मांडवाबाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. आता लग्न म्हटलं की कुणी तरी रुसणारच. त्यावर आपल्याकडे ठरलेला उपाय आहे. मुलीच्या बापाने टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन जायचं, दोन वेळा ‘चुकलं आमचं’ म्हणायचं, की रुसलेला माणूस पाच मिनिटांत पंगतीला. मी टॉवेल घेऊन निघालोही होतो. साडभाऊंनी मला अडवलं. “हे वरून मलम लावनं झालं. त्याइचं ऐकून घ्या लागते,” म्हणाले आणि स्वतः जाऊन मामांसमोर मांडी घालून बसले. मामांचं त्यांनी असं काही ऐकून घेतलं, की पत्रिकेवरून गाडी बहिणीच्या लग्नावर गेली, तिथून वाटणीतल्या विहिरीवर, तिथून लहानपणी कुणी घेऊन न दिलेल्या सायकलीवर. मामा रडायला लागले. त्यांना बघून त्यांचे चुलतभाऊ आले आणि म्हणाले, आमचंही एक राहिलंच आहे. एक रुसला होता त्याचे तासाभरात पाच झाले. मुहूर्त टळून गेला. अखेर माझ्या बायकोने कुणाला न विचारता पाच टॉवेल, पाच टोप्या पाठवल्या तेव्हा अक्षता पडल्या. साडभाऊ मात्र आजही म्हणतात, की त्या लग्नात खरं काम झालं ते लिंबाखाली. ते मामा दर दिवाळीला त्यांना फोन करतात, मला करत नाहीत.

प्रशिक्षणात ते काय करत हे मी बरंच ऐकून होतो. शिक्षकांना फुगे देत आणि आपला राग त्यात फुंकायला सांगत. जळगाव जामोदला निवृत्तीला आलेल्या एका गुरुजींनी फुगा नीट गाठ मारून खिशात ठेवला. विचारलं तर म्हणाले, “राग नाई मले, नातू हाय.” पण साडभाऊंचा खरा शोध म्हणजे हजेरी. त्यांच्या वर्गात पोरं ‘हजर’ म्हणत नाहीत. नाव पुकारलं की पोराने उभं राहून आज कसं वाटतंय त्याचा एक शब्द सांगायचा. ‘आनंद’, ‘राग’, ‘कंटाळा’, ‘पोटात गुडगुड’, काहीही. फक्त ‘बरं’ चालायचं नाही. हीच रीत ते सगळीकडे शिकवत. शिकवता शिकवता ती इतकी पसरली, की शाळांच्या काही केंद्रांत तिची छापील नोंदवही निघाली. आणि नोंदवही निघाली म्हणजे ती तपासली जाणार, आणि तपासली जाणार म्हणजे ती पूर्ण असली पाहिजे, हे मास्तर लोकांना कुणी सांगावं लागत नाही. एका शाळेत साडभाऊ महिन्याच्या दहा तारखेला गेले तर नोंदवही तीस तारखेपर्यंत भरलेली. पहिल्या नावापुढे ‘आनंदी’, आणि त्याखाली शेवटपर्यंत तसंच तसंच करत खुणा. रविवारीही वर्ग आनंदी होता. एक मूल आठवडाभर शाळेत नव्हतं, त्याच्यापुढे लिहिलं होतं ‘गैरहजर, परंतु आनंदी’. ही वही साडभाऊंनी मला आणून दाखवली. मला त्यात गैर काही दिसलं नाही. आमच्या टेबलावर याहून वाईट पाहिलेलं आहे. साडभाऊ त्या रात्री जेवले नाहीत. ताईंनी कारण विचारलं, तर वहीत शब्द शोधत बसले.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायची. माणूस बारा तालुके पायाखाली घालून बसला होता, पण तेराव्याचं, मेहकरचं, नाव निघालं की काही तरी आडवं यायचं. कधी ताप, कधी पाठ, कधी ‘तिथं दुसरे सर जातील, त्याइले जवळ पडते’. मी ताईंना एकदा सहज विचारलं. त्यांनी पदराला हात पुसले, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सांगितलं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत साडभाऊ सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावी, चौथीच्या वर्गावर होते. तेव्हा ते असे नव्हते. हातात छडी, आवाज करडा, हजेरी घेताना सुई पडली तरी ऐकू यावी असा वर्ग. एका सकाळी त्यांनी एका मुलीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, पण बोलली नाही. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. ती नुसती उभी. साडभाऊ उठले आणि त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली. मधल्या सुट्टीत शिपायाने सांगितलं, की तिच्या थोरल्या बहिणीची पाठवणी त्याच पहाटे झाली होती. आई नसलेल्या घरात त्या बहिणीनेच तिला वाढवलेलं. पोरगी गाडीमागे शिवेपर्यंत धावली आणि तिथून सरळ दप्तर घेऊन शाळेत आली. तोंड उघडलं असतं तर हंबरडा फुटला असता, म्हणून ती गप्प होती. आठ-दहा दिवसांनी बापाने तिला मामाच्या गावी घातलं. “तवापासून हे हजेरीचं सुरू झालं,” ताई म्हणाल्या. “ते पोरगी आता शाळेत बाई झाली हाय. मेहकरकडं, जानेफळच्या भागात. ह्याइनंच पत्ता काढला अन् हेच तिकडं जात नाई. साऱ्या जिल्ह्याले माफी मागाले शिकवते हा मानूस, अन् सोताची एक राह्यली हाय.”

साडभाऊंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले असताना आदेश आला, जानेफळ केंद्राचं प्रशिक्षण. या वेळी त्यांच्याऐवजी जायला कुणी मोकळं नव्हतं. सोबत शिक्षकांची यादी होती आणि यादीत ते नाव होतं. साडभाऊ संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा घेतला, पिशवी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, “उद्या तुमी चालता काय संगं?” आयुष्यभर प्रशिक्षणाला एकट्याने जाणारा माणूस सोबत मागत होता. मी म्हणालो, “माह्यं तिथं काय काम?” ते म्हणाले, “काम काईच नाई. तुमच्या चेहऱ्यावर काई दिसत नाई. मले तसा एक चेहरा समोर पायजे.” माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं कौतुक कुणी केलेलं नव्हतं. मी डबा घेतला आणि गेलो.

खामगावला गाडी बदलली. पुढे मेहकरच्या गाडीत दोन्ही बाजूंना तुरीची वावरं पळत होती आणि साडभाऊ मनाशी काही तरी घोकत होते. त्यांनी माफीचा मसुदा केला होता. मला वाचायला दिला. दीड पान होता, आणि त्यात वहीतले निदान अकरा शब्द होते. मी म्हणालो, “साडभाऊ, हे लई मोठं झालं. अर्जात विषय एका ओळीत पायजे.” त्यांनी कागद घडी करून परत खिशात ठेवला. कुणाला कसं वाटतंय हे त्यांनी त्या प्रवासात एकदाही विचारलं नाही. कंडक्टरलासुद्धा नाही.

जानेफळला एका मोठ्या वर्गात चाळीसेक शिक्षक दाटीने बसले होते. मागच्या भिंतीशी मला खुर्ची दिली आणि केंद्रप्रमुखांनी मला कुणी तरी निरीक्षक समजून फुलही दिलं. टेबलावर सगळ्या शाळांच्या भावना-नोंदवह्या रचून ठेवल्या होत्या. मला वही दिसली की राहवत नाही. एकेक चाळली. नोंद रोजची की एकदम केलेली, हे मी शाईवरून सांगू शकतो. माणसाच्या मनातलं कळत नसलं तरी एवढं कळतं. बहुतेक वह्या एका बैठकीत, एका पेनाने आनंदी झालेल्या होत्या. एक वही मात्र वेगळी निघाली. रोज शाई वेगळी, कधी पेन्सिल, एका पानावर भाजीचा डाग. ‘बकरी विकली म्हणून राग’, ‘मामा आला’, ‘नवी चप्पल लागते पण आनंद’. आणि मध्ये मध्ये काही नावांपुढे फक्त दोन शब्द, ‘हात वर’. त्याचा अर्थ मला लागला नाही. मी वही जागेवर ठेवली.

साडभाऊंनी नेहमीप्रमाणे हजेरीपासून सुरुवात केली. नाव पुकारायचं, शिक्षकाने उभं राहून शब्द सांगायचा. ‘उत्साह’, ‘आनंद’, ‘प्रसन्न’, ‘आनंद’, असं सगळं सुरळीत चाललं होतं. मास्तर लोकांना कोणत्या उत्तराला पैकीच्या पैकी मिळतात हे नेमकं माहीत असतं. पंधरा-सोळा नावांनंतर साडभाऊंनी यादीवर बोट ठेवलं. मग त्यांनी ते नाव घेतलं. तिसऱ्या बाकावरून पंचेचाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या एक बाई उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत. त्यांनी नुसता उजवा हात वर केला. साडभाऊंनी पुन्हा नाव घेतलं, अगदी हळू. बाई तशाच, हात वर. वर्गात चुळबुळ सुरू झाली. साडभाऊंनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. या वेळी ते हाक मारल्यासारखं नव्हतं, विनवल्यासारखं होतं. त्यांनी समोर, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी जमेल तितका कोरा राहिलो, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या भावनेचं नाव आपणहून सुचलं.

बाई म्हणाल्या, “सर, माह्या वर्गात ज्याले सांगाचं नसते, तो नुसता हात वर करते. मी त्याले हजर लिवते. जबरदस्ती नाई करत.”

साडभाऊंनी पेन उघडलं, खाली वाकून यादीत काही तरी लिहिलं आणि उरलेली नावं घ्यायला यादी केंद्रप्रमुखांकडे दिली. बाकी सकाळभर ते काय बोलले ते मला आठवत नाही. फुगे पिशवीतच राहिले.

चहाच्या सुट्टीत बाई आपण होऊन आमच्याकडे आल्या. हातात दोन कप. एक मला दिला, एक साडभाऊंपुढे धरला. साडभाऊंचा हात खिशाकडे गेला, दीड पानाच्या मसुद्याकडे, आणि तिथेच राहिला. यांना ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘तू’, इथपासून त्यांची अडचण होती. शेवटी म्हणाले, “त्या दिवशी मी चुकलो. तू रडू नाई म्हून चूप होती, अन् मले ते समजलं नाई. माफ कर मले.” एका ओळीत बसलं.

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला. “चापटीचं तं मी कवाच विसरली, सर,” त्या म्हणाल्या. “घरीबी खातच होतो आमी. पन त्याच्यानंतर आठ दिवस मी तुमच्या वर्गात होती. तुमी हजेरीत माह्यं नावच घेतलं नाई. माह्या वरचं घेत, खालचं घेत, मले सोडून देत. गुपचूप हजर लिवत असान. मले वाटे, मी तुमच्या वहीत नाईच हाय.”

साडभाऊ म्हणाले, “लाज वाटे मले. तुह्याकडं पाह्यता येत नव्हतं.”

“ते आता समजते. मीबी मास्तरीण हाय,” बाई म्हणाल्या. “पन मेहकरले काऊन नाई आले इतके साल? दर साली प्रशिक्षनाचा कागद आला का मी पाह्यत होती, सुलभक कोन हाय म्हून. दर साली दुसरेच सर. मंग वाटे, अजूनबी सोडूनच देऊन राह्यले मले.” आणि मग थोडं हसून म्हणाल्या, “आज घेतलं. तीनदा घेतलं. झालं आता, सर. चहा घ्या, गार होते.”

साडभाऊंनी चहा घेतला. इतका कडक गोड चहा ते एरवी घेत नाहीत, साखरेचा त्रास आहे त्यांना. त्या दिवशी तळाची साखरसुद्धा त्यांनी बोटाने घेतली. माफीची भीती बाळगून हा माणूस वर्षानुवर्षं एका तालुक्याला वळसा घालत राहिला, आणि तो वळसाच तिकडे चापटीहून जास्त लागत होता. हे त्याने बाराही तालुक्यांत फळ्यावर लिहून शिकवलं असेल. मला वाईट वाटलं. मी कप जागेवर नेऊन ठेवला.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. साडभाऊ खिडकीशी बसले. ऊन उतरलं होतं आणि रस्त्याकडेला कुणी तुरीच्या काड्यांचे भारे बांधत होतं. मी पुष्कळ वेळ वाट बघितली, की आता ते मला विचारतील, कंडक्टरला विचारतील, पुढच्या बाकावरच्या म्हातारीला तरी विचारतील. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. तेव्हा जे काम मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. घसा साफ केला आणि म्हणालो, “साडभाऊ, तुमाले ह्या घडीले काय वाटून राह्यलं?” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवर पिशवी होती, पिशवीत वही होती, वहीत शे-दीडशे शब्द होते. त्यांनी खिडकीबाहेर बघता बघता उजवा हात वर केला.

कंडक्टरने ते पाहिलं आणि घंटी मारली. गाडी करकचून थांबली. “कोन उतरते बे इथं मधातच?” कंडक्टर ओरडला. “ओ गुरुजी, उतराचं हाय काय?”

“नाई,” मी म्हणालो. “ते हजर हायेत. चालू द्या.”

त्यानंतर साडभाऊ रीतसर निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी उत्साह, आनंद, प्रसन्न वगैरे सांगितलं. आता त्यांना हजेरी घ्यायला वर्ग नाही, म्हणून ते रोज सकाळी सात वाजता मला फोन करतात. मी ‘बरं’ म्हणालो तर धरत नाहीत, दुसरा शब्द मागतात. बहुतेक दिवस मी काही तरी देऊन सुटतो. ‘कंटाळा’, ‘गुडघा’, एकदा ‘वांगी’सुद्धा दिलं. पण या हिवाळ्यात बायको मुलीकडे गेली ती दोन महिने तिकडेच आहे, नातवंडाचं आजारपण निघालं म्हणून. घरात सकाळी भांड्याचा आवाज नसतो. अशा एखाद्या सकाळी फोन येतो, साडभाऊ माझं नाव घेतात आणि मला शब्द सापडत नाही. फोनवर हात वर केलेला दिसत नाही. मी नुसता कानाला फोन लावून उभा राहतो. थोड्या वेळाने पलीकडून ते म्हणतात, “लिवून घेतलं.” आणि फोन ठेवत नाहीत.